सोमवारची माफी

तांड्यावरच्या बावीस पोरांना गोवराची लस टोचून झाली, तरी आशा सेविका रंजीताने खरं काय ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

सकाळी ती कामरगावच्या दवाखान्यातून लशीचा डबा घेऊन जीपमध्ये बसली होती. ऑक्टोबरचं ऊन, जीप वाटेत बंद पडली आणि शेजारी बसलेली तांड्यावरची नानीबाई भोवळ येऊन कोसळली. रंजीताने आगापीछा न पाहता डब्यातले आइस पॅक काढून म्हातारीच्या डोक्याला, मानेला लावले. तासाभराने नानीबाई उठून बसली, पण बर्फाचं पाणी झालं होतं. रंजीताने पॅक तसेच डब्यात कोंबले आणि लस टोचायला आलेल्या नर्सबाईंना काही बोलली नाही. भीती, दुसरं काय! तापलेली लस कुचकामी, हे गावभर सांगत फिरायची तीच.

आता कार्डांवर 'लस दिली' असं लिहिलं गेलं होतं आणि उद्या पहाटे ऊसतोडीचे ट्रक निघणार होते. गेल्या हंगामात फडावर गोवर आला, तेव्हा तांड्यावरच्या सेवालालची पोरगी त्यात दगावली होती.

रंजीताचा मोठा भाऊ दौलतसिंग कारंज्यात वकिलाचा मुन्शी. तिने त्याला फोन लावला. तो म्हणाला, कोर्टात माफीचा साक्षीदारसुद्धा आधी माफी पदरात पाडून घेतो, मग तोंड उघडतो. सोमवारी वकीलसाहेब मोठ्या डॉक्टरांकडून 'कारवाई करणार नाही' असं लिहून घेतील, तोवर गप्प राहायचं.

"आधी बोलशीन तं नोकरी जाईन तुई."

"अन् सोमवारी पोरं कुठी राहतीन, भाऊ?"

रंजीताने फोन ठेवला आणि सामान आवरणाऱ्या नर्सबाईंना सगळं सांगितलं.

नर्सबाई संतापल्या. तिच्याकडून लेखी जबाब घेतला, सही घेतली. डॉक्टर फोनवर म्हणाले, पुन्हा द्यायची तर आजच द्या, नाहीतर दोन लशींत अंतर ठेवायला महिनाभर थांबावं लागेल. चार वाजता नवा डबा आला. पण लोक बिथरले होते. सेवालाल तर तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता. एका पोराला दोनदा सुई कशाला, म्हणून कुणी पुढे येईना. रंजीता खाली मान घालून उभी होती. आपण नोकरीही घालवली आणि पोरंही तशीच जाणार, असं तिला वाटलं.

तेवढ्यात नानीबाई नातवाला, नवीनला, दंडाला धरून घेऊन आली आणि खाटेवर बसली.

"याचा बर्फ माह्या डोक्यावर गेला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पयले याले टोचा."

तिच्यामागे सेवालाल धाकट्याला घेऊन उभा राहिला. नवीनला टोचून झाल्यावर रंजीताने त्याच्या कार्डावरची सकाळची नोंद खोडली आणि शेजारी तीच तारीख पुन्हा लिहिली.