उकंडीचं रेकॉर्डिंग

करुणा तुमसरच्या त्या घरात मागच्या दारानं शिरली तेव्हा नवरा अंकुश मिलवर गेला होता आणि सासू सुमित्राबाई मोबाइलवर रील बघत मेथी निवडत होत्या. मुलाच्या बाबतीत तोंड बंद आणि मोबाइलच्या बाबतीत डोळे उघडे, असा म्हातारीचा सध्याचा जमाखर्च.

सोमवारी भंडाऱ्याला कोर्टाची तारीख होती. त्यांची चार वर्षांची पोर तृप्ती कोणाकडे राहणार, ते त्या दिवशी ठरणार होतं; आणि अंकुशच्या हाती करुणाचाच आवाज होता. बायकोला नवा फोन त्यानं मोठ्या प्रेमानं दिला होता, बोलणं आपोआप रेकॉर्ड होईल अशी सोय करूनच. माहेरी अड्याळला आईशी ती जे बोलली ते सगळं त्यात आलं. "मले नको वो माय हे उकंडी. कोनी मांगन तर देऊन टाकीन."

ऐकणाऱ्याला वाटावं, काय बाई आहे! पण करुणाचं पहिलं बाळ दवाखान्यातच गेलं होतं. म्हणून तृप्ती जन्मली तेव्हा सुमित्राबाईंनीच तिला सुपात घालून भाडेकरीण शकुनबाईला तांदळाच्या मूठभर कनकीवर विकली, लगेच परत घेतली आणि नाव ठेवलं उकंडी, म्हणजे उकिरड्यावरची. पोरीला चांगली म्हणायचं नाही, नकोच म्हणायचं, म्हणजे नजर लागत नाही, असं सुनेला बजावलं. सून आज्ञाधारक निघाली, एवढाच तिचा गुन्हा. अंकुशला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपल्या फायद्याचं तेवढं आठवायची माणसाला सवयच असते.

वकील रुचिकाताई म्हणाल्या होत्या, न विचारता रेकॉर्ड केलं म्हणून ते बाद होईलच असं नाही. मग तूही फोन पिशवीत ठेव आणि सासूला बोलती कर.

करुणानं पिशवीत हात घालून बटण दाबलंही. पण आपलं बोलणं चोरीला गेल्यापासून ती आईशीसुद्धा धड बोलली नव्हती. तिनं फोन काढून मेथीच्या जुडीजवळ ठेवला.

"आई, हे चालू हाय. सुपाची गोष्ट सांगता का?"

सुमित्राबाईंनी विंचवाकडे पाहावं तसं फोनकडे पाहिलं. "राहू दे चालू. मी काई बोलत नाही. त्याच्याच घरचं खाऊन राहिली मी, बाई."

करुणानं पाय धरले. म्हातारी मेथी निवडत राहिली.

तेवढ्यात शकुनबाई तृप्तीला अंगणवाडीतून घेऊन आली. पोरगी धावत आईच्या गळ्यात पडली. आईजवळ कशी गोड दिसते, असं शकुनबाई म्हणून गेली मात्र, सुमित्राबाईंची जीभ सवयीनं चालली.

"कायची गोड? उकंडी मेली! आमाले नको. नेत असशीन तर ने तुह्या घरी."

मग त्यांची नजर फोनवर गेली. शकुनबाईनं काढता पाय घेतला.

"मिटव थे," सुमित्राबाई म्हणाल्या.

"मले कोनी इचारलं नोव्हतं, आई. मी तुमाले इचारून राहिली. तुमी म्हनसान तर मिटवतो. मंग सोमवारी माही पोरगी गेली."

गल्लीच्या तोंडाशी अंकुशच्या गाडीचा आवाज आला. सुमित्राबाईंनी आपला मोबाइल उचलला आणि रीलचा आवाज मोठा केला.

"मले म्हातारीले का समजते मोबाइलातलं," त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "जाय, मागच्या दारानं."

पोरीनं पदर घट्ट धरला होता. करुणानं तिचं एकेक बोट सोडवलं, फोन पिशवीत टाकला आणि मागं न बघता निघाली. गल्ली संपेपर्यंत तृप्तीचं रडणं ऐकू येत होतं. तेही फोनमध्ये येत राहिलं. बंद करायचं करुणाला सुचलंच नाही.