ही सुई आपली नाही

"जखमी प्राण्याला उघड्या हातानं स्पर्श करू नका!"

हे वाक्य मी तीनशे मुलांसमोर माईकवर म्हटलं होतं. एकदाही न अडखळता. वक्तृत्व स्पर्धेत विषयाची चिठ्ठी उचलली आणि निघालं काय, तर 'जखमी वन्यप्राणी सापडला तर काय कराल?' त्याआधी हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही माझा आवाज कॉलरच्या आतच राहायचा. त्या दिवशी तो बाहेर आला तो आलाच. पहिलं बक्षीस! तेव्हापासून माझी टकळी अशी सुटली की काजमावशीनं माझं नावच 'भाषणबाई' ठेवलं.

काजमावशी म्हणजे आईच्या शिवणकामाच्या दुकानात काज-बटण करणारी मावशी. नात्यानं आमची कुणी नाही, पण रागवायचा हक्क सख्ख्या मावशीपेक्षा जास्त. दुकान दोन खोल्यांचं. पुढे आईचं मशीन, आरसा आणि गिऱ्हाइकं. मागे कापायचं टेबल, इस्त्री, चिंध्यांचं पोतं आणि सुट्टीच्या दिवशी मी. माझ्याकडे तुरपाई आणि उसवायचं काम. उसवण्यात बिघडवण्यासारखं काही नसतं, असं आईचं मत.

त्या शनिवारी दुपारी टेबलावर एका सभागृहाचा पडदा पडला होता. गडद लाल, जाडजूड, कित्येक महिने तिथल्या कोठीच्या खोलीत पडून राहिलेला. खालची कड उसवून आतलं अस्तर बदलायचं होतं. सकाळी मी बारा पँटींची तुरपाई केली होती, तीही अंगुस्तान न घालता. अंगुस्तान म्हणजे बोटावर चढवायची ती धातूची टोपी. आई रोज घाल म्हणून ओरडते आणि मला रोज ती म्हाताऱ्या बायकांची वस्तू वाटते. त्यामुळे माझी बोटं म्हणजे चाळणी. आता टोचलं तरी कळत नाही.

हे लक्षात ठेवा. पुढे सगळं यावरच आहे.

कडेचा एक कोपरा आधीच उसवलेला होता आणि आत काहीतरी गोळा झालेलं लागत होतं. अस्तर चुरगळलं असेल म्हणून मी आत हात घातला आणि ओढलं.

ते गरम होतं. अस्तर गरम नसतं.

माझ्या तळहातावर एक वटवाघूळ होतं. माझ्या अंगठ्याएवढं अंग, सुरकुतलेले कान, आणि एका पंखाला कडेपासून आतपर्यंत फाटलेली चीर. कापड फाटावं तशी. त्यानं तोंड उघडलं. आवाज मला आला नाही, पण ते सगळंच्या सगळं थरथरत होतं, मशीन रिकामं चालवल्यावर थरथरतं तसं. मी किंचाळायला हवं होतं. सोडून द्यायला हवं होतं. माझ्या हातांनी काय केलं? आणखी घट्ट धरलं! पडू नये म्हणून. मग बटणांचा रिकामा खोका ओढला, त्याला त्यात ठेवलं, वर झाकण लावलं आणि मग मला माझं भाषण आठवलं.

मुद्दा पहिला.

मी पटकन एक जाड चिंधी उचलून हाताला गुंडाळली आणि मग हाक मारली, "आई!"

आई गळ्यात टेप तशीच घेऊन धावत आली. मागून काजमावशी, तोंडात दोरा धरून. मी खोका दाखवला. आईचा पहिला प्रश्न, "हात नाही ना लावलास?"

"छे! मी? कापडानं उचललं." मी चिंधीवाला हात वर केला.

"अगं, ती कशाला हात लावेल?" काजमावशी दोरा काढून म्हणाली. "भाषणबाई आहे ती. बक्षीस काय उगीच मिळालंय?"

झालं. आता मागे कसं फिरायचं? मी पुढेच गेले. खोक्याला भोकं पाडा. अंधार ठेवा. पाणी पाजू नका, खायला घालू नका, आवाज करू नका. वन्यप्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावा. आई माझ्याकडे अशी बघत होती की एरवी मी हवेत तरंगले असते.

डॉक्टरीणबाई अर्ध्या तासात आल्या. कोपरापर्यंत कातडी हातमोजे घालून त्यांनी त्याला बाहेर काढलं, दिव्याखाली पंख उलगडला. आई नकळत पुढे वाकली.

"बारीक सुईनं टाका घालता येईल का हो? माझ्याकडे सगळ्यात बारीक नंबराची आहे."

"याला टाका घालत नाहीत. एवढी चीर असली तर पंख आपला आपण भरून येतो."

आईला ते फारसं पटलं नाही. फाटलेलं आपलं आपण भरून येतं, हे तिनं आयुष्यात पाहिलेलं नाही.

मग त्यांनी खोक्याचं झाकण लावलं आणि आमच्या तिघींकडे पाहिलं. "कुणी उघड्या हातानं धरलं होतं का? नीट आठवून सांगा. याचे दात सुईसारखे असतात. चावलं तरी कधी कधी कळत नाही, खूण दिसेलच असं नाही. याच्या अंगात रेबीज असू शकतो. वेळेवर इंजेक्शनं घेतली तर काही होत नाही. पण एकदा आजार सुरू झाला, तर त्यावर औषध नाही."

"नाही नाही," आईच म्हणाली. "हिनं कापडानं उचललं."

मी मान हलवली. कुठल्या दिशेनं, ते मलाही माहीत नाही. त्या खोका घेऊन गेल्या.

मी सरळ मोरीत गेले आणि नळ सोडला. हात धुताना बोटं पाहिली. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर तीन टोचे. मधल्यावर दोन. एक अंगठ्याच्या टोकाला. एक अंगठ्याच्या मुळाशी, लालसर. यातले माझ्या सुईचे किती आणि त्याच्या दातांचे किती? मला काही कळेना. तशीच मोरीच्या कट्ट्यावर बसले.

आणि सांगायचं म्हटलं तर दुसरीच भीती. भाषणाची तयारी करताना मी वाचलं होतं की प्राण्याला रेबीज आहे का, हे तपासायला त्याचा मेंदू लागतो. जिवंत प्राण्याचा मेंदू कसा काढणार? म्हणजे मी तोंड उघडलं की ते गेलं. ते थरथरणं अजून माझ्या तळहातात होतं. आणि नाही उघडलं, तर कदाचित मी गेले.

रेबीज झाला की पाण्याची भीती वाटते, हेही मीच त्या माईकवर सांगितलं होतं. म्हणून मी माठाकडे गेले आणि एक ग्लास पाणी प्यायले. गेलं घशाखाली. भीती वाटली? वाटली! पण ती पाण्याची की आधीचीच? दुसरा ग्लास प्यायले. मग तिसरा.

"काय गं, उंट झालीस का?" काजमावशीनं विचारलं.

"गरम होतंय."

चौथ्या ग्लासाला ठसका लागला. पाणी नाकातून आलं आणि माझी पाचावर धारण बसली. सुरू झालं! हेच ते! लक्षणं दिसायला दिवस, आठवडे, महिनेही लागतात हे मला पाठ होतं, आकड्यांसकट पाठ होतं, पण त्या क्षणी पाठांतर कसलं आठवतंय? आत सारखा एकच शब्द वाजत होता. औषध नाही. औषध नाही.

पुढच्या खोलीत आई एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होती. मी दारात उभी राहिले. तिनं आकडा वहीत लिहिला, मान वर केली आणि माझं तोंड पाहिलं.

"ताई, दोन मिनिटं बसा हं," ती त्या बाईंना म्हणाली आणि मला मागच्या खोलीत घेऊन आली.

"आई, मी खोटं बोलले." एवढा मोठा माझा आवाज, बक्षीस मिळालेला, पण परत कॉलरच्या आत गेला होता. "कापड नंतर गुंडाळलं. आधी हातानंच धरलं होतं. दोन्ही हातांनी. चावलं की नाही ते मला माहीत नाही. सगळीकडे सुईचंच टोचलंय."

मला वाटलं एक ठेवून देईल. तिनं माझा हात धरून टेबलावरच्या दिव्याखाली ओढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एकेक टोचा बघायला लागली, गिऱ्हाइकानं परत आणलेल्या कपड्याची टीप बघते तशी.

"ही तुरपाईची. ही पण तुरपाईची, सुई तिरकी धरतेस तू. ही परवाची, सुकलीय. ही टाचणी." तिचं बोट अंगठ्याच्या मुळाशी आलं आणि थांबलं. तिनं दिवा आणखी खाली ओढला. "इथे सुई लागत नाही कधी. आणि या दोन खुणा आहेत. शेजारी शेजारी."

मी पाहिलं. मी एक मोजली होती. दोन होत्या, केसाएवढ्या अंतरावर.

"ही सुई आपली नाही," आई म्हणाली. तिच्या आवाजात मी पहिल्यांदा भीती ऐकली. माझी आई विजेचा धक्का देणारं मशीनही हातानं बाजूला करते!

मग मात्र कुणी थांबलं नाही. काजमावशीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावून माझ्या कानाला धरला, कारण माझे दोन्ही हात नळाखाली होते. साबण लावून पंधरा मिनिटं धू, त्यांनी सांगितलं, आणि तडक दवाखान्यात. आजच. आत्ता.

"आणि ते?" मी विचारलं. "त्याला मारणार का तुम्ही? तपासायला?"

"त्यासाठी गप्प होतीस होय? अगं वेडे, तू सगळी इंजेक्शनं घेणार ना? मग मी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलते. त्याच्या जिवावर न बेतता होतंय का, बघू. पण आधी तू."

काजमावशी घड्याळ बघत पंधरा मिनिटं माझ्या शेजारी उभी राहिली. तिनं एकही टोमणा मारला नाही. म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते समजा. फक्त शेवटी म्हणाली, "पडदा मीच आधी ओढला असता तर?" आणि पदरानं माझे हात पुसायला गेली, मग थांबली, स्वच्छ टॉवेल आणला.

दवाखान्यात एक इंजेक्शन दंडात आणि दुसरं थेट त्या दोन ठिपक्यांच्या भोवती. ते दुसरं कसं असतं विचारू नका. नर्सताई सुई भरता भरता म्हणाल्या, "घाबरतेस का सुईला?"

"शिवणकामवालीची मुलगी आहे," आई म्हणाली. "सुयांतच वाढलीय."

मी घाबरले होते. मी आईचा हात इतका आवळला की तिच्या बोटावरचं काहीतरी गार, टणक मला रुतलं. अंगुस्तान. गडबडीत ती ते तसंच बोटावर घालून आली होती. तिनं ते काढलं आणि माझ्या बोटावर चढवलं.

अजून दोन इंजेक्शनं बाकी आहेत. दवाखान्यातले डॉक्टर तपासणी नको म्हणाले, आणि ते वटवाघूळ डॉक्टरीणबाईंच्या खोक्यात उलटं लटकून अळ्या खातंय. चीर निम्मी भरलीय. आई दर दोन दिवसांनी मला फोन करायला लावते आणि शेजारी उभी राहून कुजबुजते, "विचार, विचार, टाका न घालताच ना?"

रात्री अधूनमधून मी अजूनही उठते आणि पाणी पिऊन बघते. एकच ग्लास.