उणे तीनशे आजारी

मी एक प्रोग्रॅम बोलतोय. साथ कशी पसरेल याचा अंदाज बांधणं हे माझं काम. माझा जन्म आरोग्य कार्यालयातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या हातून झाला, तोही घाईघाईत. शहरात गोवर आला होता. अकराही शाळा बंद ठेवायच्या की लसीकरणावर भागेल, हे कार्यालयाचे मोठे साहेब दुपारी चारला ठरवणार होते. एका वेळी आजारी मुलं सहाशेच्या वर जाणार असतील, तर शाळांना कुलूप.

माझी रीत साधी. शहरातली चाळीस हजार माणसं मी तीन कप्प्यांत ठेवतो: आजार होऊ शकेल अशी, आजारी, आणि बरी झालेली किंवा लस घेतलेली. रोज काही जण एका कप्प्यातून दुसऱ्यात जातात.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, उद्या आजारी उणे तीनशे. बाईंनी कपाळाला हात लावला. आजार आठ दिवस टिकतो, म्हणून रोज आजाऱ्यांपैकी आठवा हिस्सा बरा व्हायला हवा होता. त्यांनी तिथं नुसते आठ लिहिले होते. एक आजारी दिसला की मी इमानेइतबारे आठ बरे करत होतो.

ते सुधारलं आणि माझ्या आलेखावरची आजाऱ्यांची रेघ झोकात वर चढून खाली आली. पण शिखर सहाशेच्या पार वर. शाळा बंद करा, असं कळवायला बाईंनी फोन उचलला.

तेवढ्यात त्यांच्या आत्या डबा घेऊन आल्या. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. कॉम्प्युटरमधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं त्या स्वतःच सांगतात. चष्मा सावरून त्यांनी पडद्यावर 'एकूण चाळीस हजार'च्या खाली मांडलेले माझे तिन्ही आकडे बोटांवर मिळवले.

"अगं, गाडीत चाळीस हजार चढले, उतरलं कुणीच नाही. मग आत छत्तीस हजारच कसे?"

बाईंनी फोन खाली ठेवला. डबा तसाच राहिला. ओळ न् ओळ वाचताना सापडलं: तिसऱ्या कप्प्याचं नाव एके ठिकाणी एका अक्षरानं चुकलं होतं. मला वाटलं, हा वेगळाच कप्पा. बरी झालेली माणसं मी तिथं टाकत होतो आणि मोजत नव्हतो. आता आजार न होणारी माणसंच गर्दीतून कमी दिसत गेली, तसतसा आजार मला जास्तच फोफावताना दिसला. अक्षर दुरुस्त झालं, शिखर पाचशेच्या आत आलं. चारला दहा मिनिटं कमी होती.

शाळा उघड्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून लसीकरण सुरू झालं.

सातव्या आठवड्यात मी सांगितलं, नवे आजारी शून्य. बाईंना खरं वाटेना. त्यांनी तासभर मला उलटासुलटा तपासला. काही सापडेना, तेव्हा शाळांना एकेक फोन लावला. अकराव्या मुख्याध्यापकांनीही आज कुणी आजारी नाही म्हटल्यावर बाई खुर्चीत मागे रेलल्या आणि हसतच सुटल्या.

आता आणखी पाच शहरांत माझ्या नकला चालतात. तुम्ही चालवाल तेव्हा माझ्यावर खुशाल संशय घ्या. तासभराच्या संशयानंतर आलेलं ते हसू मला पुन्हा ऐकायचंय.