झोपेची संधी

बाळाराम पोराच्या खोलीसमोर खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर काठी. आत त्याचा मितेश झोपला होता. निदान घरातले तसं धरून चालले होते.

मितेश वैमानिक. भिवंडीजवळच्या कोन गावातला पहिलाच. रात्रभर विमान चालवून सकाळी घरी आला होता आणि संध्याकाळपासून त्याची स्टँडबाय ड्युटी होती. म्हणजे घरीच बसायचं, पण फोन आला की ठरल्या वेळेत विमानतळावर हजर. तोवर विश्रांती, कायद्यानं दिलेली. एरवी तो अंधेरीच्या फ्लॅटवर राहायचा, या वेळी आईसाठी गावाला आला होता. देवकीला दवाखान्यानं घरी पाठवलं होतं. बरी होऊन नव्हे, मरायला.

भर दुपारी पलीकडच्या खोलीतून तिची हाक आली. "मितू... मितू रं..."

तिची बहीण तुळजा धावत बाहेर आली. "दाजी, उठवा त्याला. पोराच्या हातचं पानी मागतेय ती."

"झोपलाय."

"झोपलाय तं उठवा ना! चाललीय ती!"

"हळू बोल. रातच्याला विमानात दोनशे मानसं बसतील त्याच्या जिवावर. तुझी बहीन एकटी हाय."

"माझी बहीन! आनि तुमची कोन लागते?"

बाळारामनं काठी दारावर आडवी धरली. मेव्हणीला मारायलाही त्यानं कमी केलं नसतं, हे तुळजाला ठाऊक होतं.

आत एसी चालू, पडदे ओढलेले आणि मितेश टक्क जागा. हाक त्याला ऐकू आली होती. काठीचा आवाजसुद्धा.

उठलं तर काय होईल ते त्याला पाठ होतं. आई हातावर गेली की त्या अवस्थेत विमानाला हात लावायचा नाही, कंपनीला कळवायचं, ड्युटी सोडायची. नियम तसा आहे, आणि चांगला आहे. थकलेल्यानं ‘मी थकलोय’ म्हणावं, त्याला कोणी जाब विचारू नये, असं छापलेलं आहे. यंदा मितेश तसं दोनदा म्हणाला होता. दुसऱ्या वेळी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि हसत विचारलं, "भिवंडीचा ना तू? रात्री पॉवरलूम चालवतोस का रे?" जाब नाही विचारला. फक्त कॅप्टन व्हायची त्याची पाळी पुढं ढकलली. ती पाळी आता याच महिन्यात होती.

उठावं, पाणी पाजावं आणि गुपचूप उडावं? ते खोटं झालं असतं, आणि खोटं बोलणं मितेशला पटत नव्हतं. म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले. कंपनीनं वैमानिकाला झोप द्यायची नसते, झोपेची संधी द्यायची असते. गादी, अंधार, शांतता. झोप लागली की नाही, ते ज्याचं त्यानं बघावं. संधी त्याला पुरेपूर मिळाली होती. बाप काठी घेऊन ती राखत होता.

"मितू..." हाक बारीक झाली. मग नुसता घसा वाजला. शेवटी पाणी तुळजानंच पाजलं. ते ओठाच्या कडेनं उशीवर गेलं.

तिनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं, तोच बाळाराम आत आला आणि त्यानं तिच्या तोंडावर पंजा दाबला. बायको मेलेली त्याला समोर दिसत होती. पंजा त्यानं काढला नाही.

"आवाज न्हाय. तो गेला का रडा, किती रडायचं ते."

"आनि फोनच न्हाय आला तं?" तुळजा बोटांच्या फटीतून म्हणाली.

"तं उद्या रडा."

सून पूर्वा दारात ओढणी तोंडात कोंबून उभी होती. "मावशी, पाया पडते तुमच्या," ती कुजबुजली. "त्यांना आत्ता कळलं तर सगळंच जाईल."

भिंतीपलीकडं एकदम पसरलेली शांतता मितेशला बरोबर कळली. तो कुशीवर वळला.

संध्याकाळी फोन आला. "विश्रांती मिळाली ना, सर?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"मिळाली," मितेश म्हणाला. खरंच होतं ते.

गणवेश चढवून तो बाहेर आला.

"लागली झोप?" बापानं विचारलं.

"लागली. आई?"

"आत्ताच डोला लागलाय तिचा. उठवू नको."

बापलेकांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघांनीही लगेच नजर काढून घेतली.

"नको. झोपू दे," मितेश म्हणाला आणि बूट घालायला वाकला.

तुळजा समोर येऊन उभी राहिली. "डोले लाल हायत तुझे. झोपलेल्या मानसाचे न्हाईत ते."

तो नाडी बांधत राहिला.

दारात गावातलाच सागर गाडी घेऊन उभा होता. मितेश बसला, दार लागलं, गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचते न पोचते तोच मागून बाईचा गळा फुटला. काचा बंद होत्या, तरी ऐकू आलं.

सागरनं ब्रेक दाबला. "दादा, तुमच्याकडून आवाज येतोय."

"शेजारी असेल कोणी."

"तुळजामावशी हाय ती. आवाज वलखतो ना मी."

"कशेळीच्या पुलावर जाम लागेल, सागर. चल."

सागरनं आरशात पाहिलं. मितेश टायची गाठ सारखी करत होता.