नव्या हाताची थप्पड

फाडकन आवाज झाला आणि शरच्चंद्र कर्णिक सोफ्याच्या कडेवर आपटून खाली गेले.

"कट! काका, तुम्ही मान आधीच फिरवताय," दिग्दर्शक ओरडला. "परत घेऊ."

गोरेगावच्या या सेटवर शरच्चंद्र अकरा वर्षं एका विनोदी मालिकेतला आगाऊ शेजारी रंगवत होते. नायकाची थप्पड खायची, गिरकी घ्यायची, पडायचं, लोक हसायचे. नायक होता देवव्रत. हात उगारण्याआधी तो नाकाने जोरात श्वास ओढायचा. त्या श्वासावर शरच्चंद्रांची मान वळायची आणि हात नुसता वारा घालून जायचा. आवाजासाठी मागे कुणीतरी टाळी वाजवायचं. इतक्या वर्षांत गालावरची पावडरसुद्धा कधी पुसली गेली नव्हती.

गेल्या आठवड्यात देवव्रत आणि त्याची मालिकेतली बायको स्वरदा, दोघांनीही मालिका सोडली. केक कापला, रडले, गेले. त्यांच्या जागी जिममध्ये घडवलेला श्रेयस आला. श्वास तोही घ्यायचा, पण हात उशिरा यायचा. वळलेली मान सवयीने परत फिरायची आणि नेमकी पंजात सापडायची.

"सॉरी काका," श्रेयस म्हणाला. "हात रोखला तर खोटं वाटतं ना."

"खोटंच असतं रे ते, बाळा." शरच्चंद्रांनी रुमालात रक्त थुंकलं.

दिग्दर्शक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, वरून विचारतायत, शेजारी पण बदलायचा का. मी नको म्हटलंय. माझी वाट लावू नका, प्लीज."

केस सारखे करायला आलेली नीलम फणी हातात घेऊन थांबली. "शरदकाका, बस झालं हां. दात हलतोय तुमचा."

"अगं, इथे अख्खी मालिका हलतेय, दाताचं काय घेऊन बसलीस?" ते उठले. "चला, घ्या."

श्वास ऐकू आला. मान वळायला निघाली. शरच्चंद्रांनी दाढा आवळल्या, मान जागच्या जागी धरून ठेवली आणि उघड्या डोळ्यांनी पंजा येताना पाहिला.

टाळी वाजवणाऱ्याची गरजच पडली नाही. खिडकीच्या पांढऱ्या पडद्यावर रक्ताचे शिंतोडे उडाले. पण गिरकी मात्र त्यांनी पूर्ण घेतली, मगच पडले. कपाळ टीपॉयवर आदळलं, काच तडकली.

"झकास! ओके!"

सगळ्या सेटने टाळ्या वाजवल्या. श्रेयस तेवढा स्वतःच्या तळहाताकडे बघत उभा होता. गालिच्यावर एक दात पडला होता.

मेकअप रूममध्ये नीलम डाव्या कानाशी उभी राहून त्यांच्या गालावर बर्फ धरत होती आणि रागाने काहीबाही बोलत होती. शरच्चंद्र आरशात तिचे ओठ हलताना बघत राहिले. मग उठले, खुर्ची उलटी फिरवली, तिला उजव्या कानाच्या बाजूला घेऊन बसले आणि म्हणाले,

"हं, आता बोल."