दारातली खुर्ची

“पाणी नको घालूस गं! मशरूममध्ये त्यांचंच पाणी असतं, ते सुटेल. आणि हलवू नकोस. हलवलंस? हलवलंसच ना!”

दादा नेहमीच्या जागी बसला होता, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात. त्याच्या चाकांच्या खुर्चीची रुंदी आणि त्या दाराची रुंदी कुणीतरी ठरवून केल्यासारखी एक होती. खुर्ची चौकटीत बसली की बाजूने बोटही जात नसे. दादा दारात आणि धाकटी आत, शेगडीपाशी. रांधून, चाखून, वाढून होईपर्यंत तिची सुटका नाही. मध्येच बाहेर जायचं झालं तर “दादा, सरक जरा” म्हणायचं. मग त्याने डाव्या हाताने एक चाक मागे ढकलायचं, खुर्ची तिरकी होऊन चौकटीला घासायची आणि तोवर तव्यावरचं काहीतरी करपायचं. त्याचं खापरही तिच्याच डोक्यावर.

धाकटी म्हणजे त्याची बहीण. पन्नाशी कधीच उलटलेली, केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे. पण घरात धाकटी ती धाकटीच.

दादाचं आयुष्य जहाजावरच्या भटारखान्यात गेलं होतं. गल्लीत त्याला सगळे ‘कप्तान’ म्हणत आणि तोही कुणाची चूक दुरुस्त करत नसे. कुठल्याशा बंदरात त्याचं उजवं अंग गेलं आणि कंपनीने त्याला एका ट्रंकेसकट घरी आणून सोडलं. तोपर्यंत त्या घरात धाकटी एकटी राहत होती. मनाला येईल ते शिजवत होती, नाही आलं तर चहात ब्रेड बुडवून खात होती. दादा आला आणि तिचं स्वयंपाकघर त्याचं झालं.

आल्या आल्या त्याने मशरूम मागितले. तिने जन्मात कधी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी तो ओलसर, लिबलिबीत स्पर्श झाला आणि तिच्या अंगावर काटाच आला. वर “धुवायचे नाहीत, पुसायचे” हा हुकूम! धाकटी ओल्या फडक्याने एकेक टोपी पुसत बसली, न्हाऊ घातलेल्या बाळाचं डोकं पुसावं तशी. तेव्हापासून घरात दुसरी भाजी म्हणून शिजली नाही. रशियन पद्धतीने सायीत आणि मोहरीच्या चटणीत. चिनी पद्धतीने आलं, लसूण, सोया सॉस घालून मोठ्या आचेवर. जपानी सूप. सुके मशरूम भिजवून, ते पाणी फडक्यातून गाळून त्यात शिजवलेला इटालियन भात. तो तर सतत ढवळत उभं राहायचं, आणि दादा दारातून त्या त्या बंदरातल्या गोष्टी सांगणार. धाकटीने अख्खं जग असं पाहिलं, शेगडीकडे तोंड करून.

“तुला दुसरी भाजी दिसत नाही का रे?” ती कधी वैतागून म्हणे.

“मशरूम कुठल्याही देशात खपून जातो. तुझ्यासारखा नाही, एकाच गल्लीत जन्म काढणारा.”

दादाच्या जिभेला हाड नव्हतं. धाकटी मूग गिळून ढवळत राही.

ती कामाला होती एका लाँड्रीत. दिवसभर वाफेच्या इस्त्रीपाशी उभी. लोकांचे कोट, लग्नाचे झगे, प्रवासाला निघालेले शर्ट तिच्या हाताखालून जात. मालकीणबाई तिच्यावर खूश होत्या. डोंगराकडच्या गावात त्या दुसरं दुकान काढत होत्या आणि ते धाकटीने सांभाळावं असं त्यांच्या मनात होतं. वर राहायला खोली. एकदा धाकटी ती बघूनही आली. एक पलंग, एक खिडकी, कोपऱ्यात एकच शेगडी, आणि त्या शेगडीपाशी दार नव्हतं. तिला इतका आनंद झाला की तिथल्या तिथे हसूच फुटलं. ‘इथे मी आठवडाभर नुसती उकडलेली अंडी खाईन,’ तिने ठरवून टाकलं. ‘आणि तीसुद्धा उभ्याने.’

अडचण फक्त दादाच्या जेवणाची होती. आंघोळ घालायला, कपडे बदलायला सकाळी माणूस येत होता. तो संध्याकाळीही यायला तयार होता. रविवारी ती स्वतः आली असती. पण परक्याच्या हातचं दादा खात नसे. ती एकदा तापाने पडली होती तेव्हा खानावळीतून डबा आणवला, तर एका घासात त्याने ताट बाजूला सारलं आणि दोन दिवस ब्रेडवर काढले. मालकीणबाईंनी उत्तरासाठी शनिवारपर्यंत वेळ दिला होता. धाकटी रोज शब्द जुळवून घरी येई आणि तोंडातून ब्र काढायच्या आत दारातून हुकूम सुटे.

त्यातच भाजीवाल्याशी तिचं वाजलं. डब्यातले मशरूम रोज कमी भरत होते. “मला काय आंधळी समजलात?” ती चारचौघांत त्याच्यावर तोंड सोडून आली. तो बिचारा शपथा घेत राहिला.

शुक्रवारी तिने मनाचा हिय्या केला. दुपारीच सुट्टी मागितली. आज जाऊन सांगून टाकायचं, रागावला तर रागावला.

घराचं दार उघडलं आणि करपल्याचा वास नाकात शिरला. ती धावत आत गेली, तर चौकट मोकळी. दादा आत होता. खुर्ची ओट्याला आडवी लावून, डावा हात वर करून तो तव्यात उलथनं फिरवत होता. हलवताना तवा धरायला दुसरा हात नव्हता, म्हणून तवाच शेगडीवर गोल गोल फिरत होता. मांडीवर ताट आणि ताटात हाताने फाडलेले मशरूम.

धाकटीने आधी गॅस बंद केला.

“लवकर आलीस,” दादा म्हणाला. चोरी पकडली गेल्यासारखा तो खाली बघत होता.

“हे काय चाललंय?”

“तुझ्या मालकीणबाईंचा फोन आला होता. मागच्या आठवड्यात. विचारत होत्या, ताईंचं ठरलं का?”

धाकटीने खांद्यावरची पिशवी काढून ओट्यावर ठेवली.

“मला का नाही बोललास?”

“तू तरी कुठे बोललीस?” त्याने ताटातला एक मशरूम उचलला, अंगठ्याने दाबला आणि दोन बोटांत उभा फाडला. “बघ. कांदा धरायला एक हात लागतो, कापायला दुसरा. बटाट्याचं तेच. हे एवढे एकच, एका हाताने होतात. पहिल्या दिवसापासून मनात आहे, आज घेऊ हातात, उद्या घेऊ. तुझ्यासमोर जमेना, म्हणून फोन आल्यापासून तू कामावर गेलीस की डब्यातले चारदोन घेतो. आयुष्यभर माणसांना शिकवलं आणि तुझ्यासमोर मशरूम फाडत बसू?”

भाजीवाल्याचा पडलेला चेहरा धाकटीच्या डोळ्यांपुढे आला.

“खाऊन बघ,” दादा म्हणाला.

तिने तव्यातलं थोडं बशीत घेतलं. बसायला खुर्ची होती, पण ती उभीच राहिली. एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने कच्चं, आणि मिठाचा पत्ता नाही. दादा मान वर करून तिच्या तोंडाकडे बघत होता. इतक्या वर्षांत त्याने चव कुणाला विचारली नव्हती, त्याने ती फक्त सांगितली होती.

“कसं झालंय?”

“छान झालंय,” धाकटी म्हणाली. घास गिळायच्या आधीच म्हणाली.

दादाने बशी ओढून घेतली. एक तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. जन्मभर चव घेण्यात मुरलेली जीभ ती, तिला कोण फसवणार?

“मीठ राहिलंय,” तो म्हणाला.

धाकटीने मिठाच्या बरणीकडे हात नेला.

“तरी छान म्हणालीस.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “इतकं जायचंय गं तुला?”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर तोंड उचलेना. तिने बशी घेतली आणि नळाखाली धरली.

“जा मग. उद्या हो म्हणून सांग त्यांना. मला जमेल. मीठ काय, उद्या घालेन.” आणि ती ‘दादा, सरक जरा’ म्हणायच्या आत त्याने स्वतःच चाकाला हात घातला, चौकटीला तीनदा धडकून खुर्ची बाहेर काढली आणि खिडकीपाशी जाऊन बसला.

संध्याकाळी ती त्याचा शर्ट बदलायला गेली. डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर दुमडलेली होती, घट्ट, कुणी उलगडू नये अशी. तिने उलगडली. कफाची कड तपकिरी झाली होती आणि बोटभर जागा काळी, ठिसूळ. भाजलेलं कापड धाकटीला नुसत्या वासावरून कळायचं, पोटापाण्याचा धंदाच तो. तिने मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. कातडी शाबूत होती, या वेळी तरी. दादा भिंतीकडे बघत राहिला. तिने शर्टाची घडी केली, कफ आत दुमडला आणि दुसरा शर्ट त्याच्या अंगात चढवला.

दुसऱ्या दिवशी तिने मालकीणबाईंना नाही म्हणून सांगितलं.

“अहो ताई, पण तुम्हाला तर खोली किती आवडली होती!”

“आवडली होती,” धाकटी म्हणाली आणि एका नवऱ्यामुलाच्या कोटावर इस्त्री टेकवली. खोलीतली ती कोपऱ्यातली शेगडी दिवसभर तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दोनदा ती मागच्या बाजूला जाऊन रडून आली आणि वाफेने डोळे चुरचुरतात असं सगळ्यांना सांगितलं.

घरी येऊन म्हणाली, “दादा, ती जागा त्यांनी दुसरीला दिली रे.”

“हो का?” दादा म्हणाला. “वाईट झालं.” त्याने मांडीवरचं ताट पुढे केलं. सगळे मशरूम पुसलेले, सारखे फाडलेले. “हे घे. एवढं जमतं मला.”

धाकटीने ते आत नेले. तवा तापवला, पाणी घातलं नाही, हलवलं नाही. आपलंच पाणी सुटेपर्यंत थांबली. ते आटलं तेव्हा लोणी टाकलं आणि मीठ घातलं. मागून हुकूम आला नाही. घर इतकं शांत होतं की तव्यावरची चुरचुर बाहेरपर्यंत ऐकू गेली असेल.

दोन्ही हातांत दोन ताटं घेऊन ती वळली, उंबऱ्याशी आली आणि थांबली.

“दादा, सरक जरा.”

दारात कुणीच नव्हतं. बाहेर खिडकीपाशी दादा तिच्याकडे पाठ करून बसला होता.

“सरकलोय गं मी,” तो म्हणाला. “ये तू.”

धाकटी ताटं धरून तशीच उभी होती.