लाल पेनाचं टोपण

ऑफिसातला प्लॉटर माझ्या ताब्यात आहे. कॉम्प्युटरवरचा नकाशा तो कागदावर काढतो. एकेक पेन उचलायचं, फिरवायचं, जागेवर ठेवायचं. पेनात शाई आहे की नाही, हे त्याच्या गावीही नसतं. म्हणून रोज सकाळी चारही पेनं मी आधी रद्दी कागदावर गिरवून बघते.

आज बघितली नाहीत. रस्ता खोदणारा माझा धाकटा भाऊ डोक्यावर येऊन बसला होता.

"ताई, आटप ना! तिकडे सगळे खोळंबलेत. तुझं हे बुजगावणं हलतंय तरी का?"

मी चिडले. खोदायच्या रस्त्याच्या नकाशाच्या दोन प्रती काढल्या, गुंडाळून त्याच्या हातात कोंबल्या. "घे आणि तोंड काळं कर."

तासाभराने फायलीसाठी तिसरी प्रत काढली. साहेबांनी ती वरवर बघितली. "बरं झालं, त्या रस्त्याखाली विजेची केबल नाही एकही."

केबल लाल पेनाने निघतात आणि पडद्यावर तर तीन लाल रेषा होत्या. कागद खिडकीशी धरला. रेषा होत्या, नुसत्या कोरड्या ओरखड्यांच्या. काल लाल पेनाला टोपण लावायचं मीच विसरले होते.

खोदकामाच्या शेडमधला नंबर घाईत फिरवला, तो दोनदा चुकला. घंटा वाजत राहिली. आईला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. तोंड काळं कर, असं म्हणाले होते मी त्याला.

"हॅलो?" भाऊच होता.

"ड्रिल लावलंस?"

"चहा तरी पिऊ दे. आता लावतोच."

"हात लावू नकोस! खाली चालू केबल आहेत. नकाशात उमटल्याच नाहीत. माझी चूक झाली रे."

मला रडू फुटलं आणि मधेच हसूही. माझा भाऊ वाचला होता. मी खुर्चीत बसले.

तेवढ्यात फोनमधून ड्रिलची घरघर ऐकू आली.

"तू इथे आहेस, मग हे कोण चालवतंय?"

"जोडीदार. पलीकडच्या टोकाला. दुसरी प्रत त्याच्याकडे आहे."

"पळ, थांबव त्याला!"

रिसीव्हर टेबलावर आदळला. तो धावत सुटला. शेडबाहेरच्या फळ्या त्याच्या बुटांखाली धडधडत होत्या. मी कानाला फोन दाबून घरघर थांबायची वाट बघत होते.

ती थांबली. फळ्या अजून वाजतच होत्या.